हंगेरीच्या सहा विरोधी पक्षांना खुलं पत्र : तंबूत आलेल्या त्या आठ लाख माणसांचं काय?

बुडापेस्ट, 22 एप्रिल 2022

प्रति,
लोकशाही आघाडी (डीके), योब्बिक, मोमेंटुम, समाजवादी पक्ष, पारबेसेद आणि एलएमपी या पक्षांची नेतेमंडळी, तसेच त्यांचे पंतप्रधानपदाचे उमेदवार श्री. पेतेर मार्की-झॉय यांस,

स. न. वि. वि.

मी मूळची सांगलीची. गेली अकरा वर्षं बुडापेस्टमध्ये राहते. नवरा हंगेरियन आहे. संसदेच्या निवडणुकीत मला मत नाही, पण कायम वास्तव्याचं कार्ड असलेल्या परदेशी माणसाला तुमच्या देशात स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. ते मी 13 ऑक्टोबर 2019 ला दिलं. तुमचे गेर्गेय काराचोन्य बुडापेस्टचे महापौर झाले त्यात माझं एक मत आहे. तेवढ्या हक्काने हे लिहिते.

मराठीत लिहिते, कारण मनातलं मला मराठीतच धड सांगता येतं. नवरा याचं हंगेरियन करून तुमच्या सहाही कार्यालयांना पाठवणार आहे. आणि मराठीतून ते सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण 3 एप्रिलला संसदेची निवडणूक झाल्यापासून सांगलीहून, पुण्याहून फोन येताहेत, "सहा पक्ष एकत्र येऊनही हरले कसे गं?" आघाडी म्हणजे काय हे आमच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. पण या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नाही.

3 एप्रिलच्या रात्री मी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात होते. त्यांचं गाव टिसा नदीच्या पूर्वेला, सपाट मैदानात. नवरा गावच्या शाळेत मतमोजणीला बसला होता. देशभरात वीस हजारांच्या आसपास सामान्य माणसं अशी बसली होती. प्रत्येक मतदान केंद्रावर विरोधी बाजूची दोन माणसं हवीत म्हणून एका नागरी मोहिमेने त्यांना गोळा केलं, शिकवलं आणि खेडोपाडी पाठवलं. माझा नवरा त्यातला एक. सकाळी सहाला गेलेला माणूस रात्री अकराच्या सुमाराला परत आला. कोट न काढता टेबलाशी बसला. मी विचारलं, "कसं?" त्याने अंगठा आणि करंगळी ताणून टेबलावर उभी वीत धरली. म्हणाला, "त्यांचा गठ्ठा एवढा." मग चार बोटं आडवी धरली. "आपला एवढा." मोजणीत काही खोट होती का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "नाही. एकेक मतपत्रिका माझ्या डोळ्यांसमोर उलगडली. लोकांनी खरंच तसंच मत दिलंय."

टीव्हीवर पंतप्रधान विक्टर ओर्बान सांगत होते की हा विजय इतका मोठा आहे की चंद्रावरूनही दिसेल, ब्रसेल्सहून तर नक्कीच. सासूबाई सिंकपाशी उभ्या राहून कप विसळत होत्या. त्यांनीही त्यांनाच मत दिलं होतं. ते त्यांनी आमच्यापासून लपवलं नाही.

माझ्या मराठी वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. देश लहान आहे, लोकसंख्या सत्त्याण्णव लाखांच्या आसपास. संसदेच्या जागा 199. त्यातल्या 106 मतदारसंघांतून, आपल्यासारख्याच, ज्याला जास्त मतं तो निवडून. उरलेल्या 93 पक्षांच्या यादीवरून. 2010 साली ओर्बान यांच्या फिदेस पक्षाने दोन तृतीयांश बहुमत मिळवलं आणि पुढच्याच वर्षी निवडणुकीचा कायदा बदलला. पूर्वी मतदारसंघात दुसरी फेरी व्हायची, ती गेली. शिवाय जिंकलेल्या उमेदवाराच्या आघाडीची जादा मतं त्याच्या पक्षाच्या यादीत मिळवायची, असा नियम आला. म्हणजे जो मोठा तो आणखी मोठा. 2014 मध्ये 45 टक्क्यांहून किंचित कमी मतं मिळवून फिदेसला 133 जागा, पुन्हा दोन तृतीयांश. समोरचे वेगवेगळे लढले की वाट मोकळी. त्यात 2020 च्या डिसेंबरात आणखी एक अट घातली गेली. राष्ट्रीय यादी द्यायची तर किमान 71 मतदारसंघांत उमेदवार हवेत. आधी 27 पुरायचे. सहा पक्षांनी सहा याद्या दिल्या असत्या तर मतदारसंघात एकमेकांच्या विरोधात उभं राहणं भागच होतं. म्हणून एकच यादी, एकच पंतप्रधानपदाचा उमेदवार. आघाडी हौसेने झाली नव्हती. कायद्याने भिंतीला पाठ लावून उभं केलं, तेव्हा झाली. हे मला मान्य आहे आणि ती केल्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही.

उलट गेल्या सप्टेंबरात तुम्ही जे केलं तसं काम देशपातळीवर इथे आधी कोणीच केलं नव्हतं. उमेदवार कोण हे बंद खोलीत ठरवायचं सोडून तुम्ही लोकांना विचारलं, म्हणजे मतदान घेऊन प्राथमिक फेरी केली. 106 च्या 106 मतदारसंघांत. पहिल्याच दिवशी संगणक व्यवस्था कोसळली, मतदान थांबलं, दोन दिवसांनी पुन्हा सुरू झालं. सगळे म्हणाले, झालं, संपलं. आणि तरी लोक आले.

आमच्या घराजवळच्या चौकात त्या मतदानाचा तंबू होता. नवरा रांगेत होता, मी बाजूला उभी. समोर सत्तरीच्या एक बाई टॅबलेटवर एका बोटाने नावं भरत होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेजारी एक विशीतला मुलगा प्रत्येकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचं कार्ड बघून त्यांना वाचून दाखवत होता. पाऊस आला तसे सगळे आत सरकले. त्या बाई एकेकाळच्या कडव्या उजव्या योब्बिकच्या, तो मुलगा उदारमतवादी मोमेंटुमचा. दहा वर्षांपूर्वी ही दोन माणसं एका फुटपाथवरून चालली नसती. रांगेतल्या एका आजोबांनी मला विचारलं, "तुम्हाला मत आहे का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग बघून ठेवा. असं मी 1990 च्या पहिल्या खुल्या निवडणुकीनंतर पाहिलं नव्हतं." दोन फेऱ्या मिळून आठ लाखांवर माणसं त्या तंबूंत आली. पहिल्या फेरीत डीकेच्या क्लारा दोब्रेव्ह पुढे, काराचोन्य दुसरे, मार्की-झॉय तिसरे. काराचोन्यांनी मार्की-झॉय यांच्यासाठी माघार घेतली. आणि दुसऱ्या क्रमांकाने तिसऱ्यासाठी जागा सोडणं हे राजकारणात रोज घडत नाही. ऑक्टोबरच्या मध्याला निकाल आला. होदमेझोवाशारहेय गावचे महापौर, सात मुलांचे वडील, चर्चला जाणारे, कुठल्याही पक्षाचे नसलेले मार्की-झॉय तुमचे उमेदवार झाले.

त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत जागे होतो. खरंच वाटलं होतं की होईल.

पुढे काय झालं हे तुमच्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत? तंबू उठले. त्या बाईंना, त्या मुलाला, आजोबांना, माझ्या नवऱ्याला, त्यानंतर तुमच्यापैकी कोणी काय विचारलं? हाच माझा तुम्हाला प्रश्न आहे आणि हे पत्र त्यासाठीच आहे. उमेदवार त्यांनी दिला, आणि मग उमेदवार आणि तुम्ही यादीतल्या जागांवर खल करत बसलात. मार्की-झॉय यांना संसदेत स्वतःचा सातवा गट हवा होता, तो तुम्हाला नको होता. कोणाची जागा कितव्या क्रमांकावर, यात हिवाळा गेला. तंबूतली माणसं घरी बसून बातम्या वाचत राहिली. नवरा म्हणायचा, "आता बोलावतील." जानेवारी गेला. फेब्रुवारीत तो स्वतःच मतमोजणीच्या मोहिमेत गेला, आणि ती मोहीमही तुमची नव्हती.

आमच्याकडे यशवंतराव चव्हाणांच्या नावाने एक शब्द चालतो, 'बेरजेचं राजकारण'. माणसं तोडायची नाहीत, जोडायची. तुम्ही बेरीज केलीत ती मात्र पक्षांची. 2018 मध्ये तुम्ही वेगवेगळे लढलात तेव्हा तुमच्या सगळ्या याद्यांची मतं मिळून साडेसव्वीस लाखांच्या वर होती. आता एकत्र लढून साडेएकोणीस लाखांच्याही किंचित खाली. सात लाख माणसं कुठे गेली? काही घरी बसली असतील. काही 'मी हझांक'कडे गेली. योब्बिकमधून फुटलेल्या त्या कडव्या पक्षाला तीन लाखांवर मतं आणि सहा जागा मिळाल्या. काही सरळ फिदेसकडे गेली. फिदेसला 135 जागा, तुम्हाला 57. मतदारसंघांतल्या 106 पैकी तुमच्या 19. त्यातल्या 17 बुडापेस्टच्या, एक सेगेदची, एक पेचची. उरलेल्या सगळ्या देशाचा नकाशा नारंगी, म्हणजे फिदेसच्या रंगाचा. मार्की-झॉय ज्या गावचे महापौर त्या मतदारसंघातही फिदेसचे यानोश लाझार निवडून आले.

मैदान समान नव्हतं हे मला माहीत आहे. आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई सरकारची बाजू घेते. 2018 मध्ये चारशेहून जास्त वर्तमानपत्रं, नभोवाणी आणि वाहिन्या एका प्रतिष्ठानाखाली एकत्र केल्या गेल्या. 'नेपसबद्शाग' हे जुनं दैनिक 2016 मध्ये एका शनिवारी अचानक बंद झालं. माझ्या नवऱ्याच्या वडिलांनी ते आयुष्यभर घेतलं होतं. सरकारी टीव्हीवर तुमच्या पंतप्रधानपदाच्या उमेदवाराला प्रचारात फक्त पाच मिनिटं मिळाली. पाच! युरोपीय सुरक्षा संघटनेचे निरीक्षकही म्हणाले की दोन बाजूंना सारखी संधी नव्हती. शेजारच्या देशांतल्या हंगेरियन वंशाच्या लोकांना टपालाने मत देता येतं, आणि लंडनला कामाला गेलेल्या माझ्या नणंदेला मात्र सुट्टी काढून वकिलातीत रांग लावावी लागते. सगळं खरं.

पण हे सगळं तुम्हाला ऑक्टोबरातही माहीत होतं. टीव्हीवर पाच मिनिटंच मिळणार असतील तर बाकीचं काम पायांनी करायला हवं होतं. आणि ते करायला आठ लाखांची फौज तुमच्या दारात येऊन गेली होती.

आता सासूबाईंविषयी लिहिते, कारण त्या तुम्हाला कधी भेटल्या नाहीत.

वय शहात्तर. सगळी हयात गावच्या सहकारी शेतीत आणि नंतर शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. हातात दोन हजार फोरिंट आले तर पाचशे बाजूला ठेवणाऱ्या. फेब्रुवारीत त्यांना तेरावं पेन्शन मिळालं, पूर्ण महिन्याचं. पोस्टमन घरी येऊन नोटा मोजून देतो. त्यांनी त्यातून जळाऊ लाकूड घेतलं. दुकानात साखर, मैदा, सूर्यफुलाचं तेल, दूध, कोंबडी यांवर सरकारने किंमत बांधली. फडताळाच्या कडेला तशी पाटी. पेट्रोल नोव्हेंबरपासून 480 फोरिंटला बांधलेलं. या गोष्टी महागाईवर खरा उपाय आहेत असं मला वाटत नाही. पण त्या त्यांच्या हाताला लागल्या. गावात पाच-पंचवीस घरं सार्वजनिक कामांवर जगतात. आपल्याकडच्या रोजगार हमीसारखंच ते काम, रस्ता झाडणं, गटार काढणं, आणि कोणाला घ्यायचं ते बहुतेक महापौराच्या हातात. तिथे विरोधी पक्षाचा बिल्ला लावून फिरायला माणसाला किती विचार करावा लागत असेल, हे बुडापेस्टच्या सातव्या जिल्ह्यात बसून कळत नाही. मलाही अनेक वर्षं कळलं नव्हतं.

24 फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. दोन आठवड्यांत सरकारी पक्षाचा प्रचार एका ओळीवर आला. आम्ही शांतता ठेवू, विरोधी पक्ष तुमची पोरं युद्धात पाठवतील. माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. सासूबाईंनी एक दिवस फोन करून मला विचारलं, "तुमचा तो माणूस याला नेणार का गं?" मी म्हटलं, "नाही हो, असं कोणी म्हटलेलं नाही." त्या म्हणाल्या, "टीव्हीवर सांगितलं." मी म्हटलं, "ते खोटं आहे." मग त्या गप्प बसल्या. नंतर जे म्हणाल्या ते मी तुम्हाला शब्दशः सांगते. "खोटं असेल. पण दुसऱ्या बाजूचं सांगायला माझ्याकडे कोणी आलंच नाही."

त्यांना मी सांगू शकले असते. नवरा सांगू शकला असता. मार्चच्या मधल्या शनिवारी आम्ही गावात पत्रकं टाकली, तेवढंच. ए-फोर आकाराचा एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, मधोमध दुमडलेला. 2017 पासून काही माणसं दर आठवड्याला ही बातम्यांची पानं तयार करतात. आपापल्या घरी छापायची आणि शेजाऱ्यांच्या पत्रपेटीत टाकायची. आम्ही घरच्या प्रिंटरवर दीडशे काढली, शाई संपली. गल्लीतून जाताना फाटकांवर कुत्री भुंकत होती. एका घरी म्हातारे गृहस्थ पेटीतून कागद काढून लगेच उघडून वाचायला लागले, तिथेच, उभ्या-उभ्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "पुढचा कधी?" नवरा म्हणाला, "पुढच्या महिन्यात येऊ तेव्हा." आम्ही बुडापेस्टला राहतो. पुढच्या महिन्यात आम्ही आलो ते मतदानालाच.

दर आठवड्याला तो कागद त्या गृहस्थांपर्यंत नेणारं माणूस त्याच गावात, नाहीतर शेजारच्या गावात, तुमच्या प्राथमिक फेरीच्या तंबूत येऊन गेलं होतं, याची मला खात्री आहे. त्याला फोन करायचा होता.

एक गोष्ट लिहू की नको याचा मी बराच विचार केला. लिहिते. मी 2011 मध्ये इथे आले त्याच वसंतात ग्यॉन्ग्योश्पाता गावात रोमा, म्हणजे जिप्सी समाजाच्या वस्तीभोवती गणवेशातल्या माणसांची पथकं गस्त घालत होती आणि योब्बिक त्यांच्या बाजूने उभा होता. माझा रंग सावळा आहे. ट्रॅममध्ये मला रोमा समजून लोकांनी पर्स छातीशी धरलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यामुळे योब्बिकला आघाडीत घेतलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. तरीही मी मनाशी म्हटलं, हे करावं लागेल. तंबूतल्या त्या बाई मला आवडल्या. माणसं बदलतात, पक्षही बदलू शकतो. पण आमच्या इमारतीतली शेजारीण, रोमा, दोन मुलींची आई, तिला हे कोणी समजावलं? तिने मला विचारलं होतं, "त्या लोकांनी आमची माफी कधी मागितली?" तुमच्यातल्या कोणी कधी काही म्हटलंही असेल, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. ती मतदानाला गेली नाही. तसंच, तेव्हा पंतप्रधान असलेल्या आणि पुढे डीके स्थापन केलेल्या फेरेन्त्स ज्युर्चान्यांनी 2006 मध्ये बालातोनकाठी पक्षाच्या बंद बैठकीत 'आपण सकाळ-संध्याकाळ खोटं बोललो' असं जे म्हटलं, ते सासूबाईंना अजून पाठ आहे. फिदेसने त्यांचा चेहरा प्रत्येक खांबावर लावला होता. त्या भूतकाळाशी समोरासमोर बोलल्याशिवाय एकत्र फोटो काढून भागणार नव्हतं. दोन्ही बाजूंचे तुमचेच मतदार दुसऱ्याकडे बघून दचकले, आणि त्यांना घरी येऊन समजावणारं कोणी नव्हतं.

आता निकालानंतरचं. त्या रात्रीपासून तुमच्यापैकी काही जण सगळा दोष मार्की-झॉय यांच्यावर टाकताहेत. ते जास्त बोलले, नको तिथे बोलले, एका मुलाखतीतलं वाक्य फिदेसच्या हातात दिलं. काही खरंही असेल. पण त्यांना तुम्ही निवडलं नव्हतं, आठ लाखांच्या त्या प्रक्रियेने निवडलं होतं. त्यांना बळीचा बकरा करता तेव्हा तुम्ही त्या रांगेतल्या आजोबांना सांगता की तुमची निवड चुकली, पुढच्या वेळी आम्हीच ठरवू. हे करू नका. आणि मार्की-झॉय साहेब, तुम्हीही पक्षांवर बोट ठेवून मोकळे होऊ नका. त्या निकालाचं ओझं तुमच्यावर आहे. पक्ष नसलेल्या माणसाने पक्षांच्या पलीकडच्या लोकांना सोबत घेऊन चालायचं होतं. ती माणसं तुमच्याकडे बघून आली होती.

लोक काही करायला तयार नाहीत, असं मात्र कोणी म्हणू नये. 3 एप्रिललाच सरकारने मुलांच्या संरक्षणाच्या नावाखाली समलैंगिकांविरुद्धचं सार्वमत घेतलं. नागरी संघटनांनी लोकांना एकच गोष्ट सांगितली, दोन्ही वर्तुळांत फुली मारा, मत बाद करा. सोळा-सतरा लाख मतदारांनी तसं केलं. वैध मतं निम्म्याहून कमी पडली आणि सार्वमत फसलं. सासूबाईंच्या गावातही अशा फुल्या निघाल्या, नवऱ्याने स्वतः मोजल्या. म्हणजे त्याच दिवशी, त्याच पेटीत, त्याच माणसांनी, नीट समजलेली एक गोष्ट करून दाखवली. त्या संघटनांकडे ना संसदेतल्या जागा ना सरकारी अनुदान.

मेच्या सुरुवातीला नवी संसद बसेल. तुम्ही सहा वेगवेगळे गट करून बसणार, असं दिसतं. तो तुमचा हक्क आहे. पण शपथ घेण्याआधी तुम्ही एक काम करावं, अशी माझी विनंती आहे. प्राथमिक फेरीत ज्यांनी आपला फोन नाहीतर ईमेल तुमच्याकडे ठेवला असेल त्यांना आधी कळवा. प्रचाराचं पत्र नको, पैसे मागणारंही नको. काय झालं, कुठे चुकलं, हे सहाही जणांनी मिळून लिहा, खाली सहाही नावं घाला. मग त्यांना गावागावात बोलवा. पाच जण आले तर पाच जणांशी बोला. आमच्याकडे गणपतीची वर्गणी मागणारी पोरंसुद्धा मांडव उतरल्यावर आलेल्यांना हिशेब दाखवतात. तुम्हाला आठ लाखांनी आपलं नाव, आपला पत्ता आणि आपली सकाळ दिली आहे.

आणि 2024 च्या स्थानिक निवडणुकांसाठी जिथे 2019 मध्ये एकत्र येऊन शहरं जिंकलीत, बुडापेस्टसह दहाएक मोठी शहरं, तिथल्या आघाड्या रागाच्या भरात मोडू नका. त्या शहरांत माझ्यासारखी कार्डवाली माणसंही मतदार आहेत. आम्ही थोडे आहोत, पण आम्ही तुमचं पाहिलं आहे. उमेदवार ठरवायला पुन्हा तंबू लावा. कितीही लोक हसले तरी लावा.

सासूबाईंना मी या पत्राबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिही. पण कागद पाठवून काय, कोणी येऊ दे." म्हणून त्यांच्या वतीने हेही लिहिते. गावात बसने येता येतं, पहिली बस सकाळी सहाच्या आत येते आणि शाळेपाशी थांबते. तिथून डावीकडे वळलात की निळ्या फाटकाचं तिसरं घर. कुत्रा बांधलेला असतो. त्या सकाळी परसात असतात, मोठ्याने हाक मारावी लागेल, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. कॉफी आणि पोगाचा, म्हणजे छोटे खारे पाव, मिळतील. नातू सैन्यात जाणार का, तेरावं पेन्शन पुढच्या वर्षी राहणार का, आणि तुम्ही पुन्हा कधी येणार, हे तीन प्रश्न त्या विचारतील. कोपऱ्यावर राहणारे, पत्रपेटीपाशी उभे राहून वाचणारे ते गृहस्थही येतील. त्यांना आम्ही कळवलं आहे.

आपली,
बुडापेस्टमध्ये राहणारी एक सांगलीकर